पाप्रिकाच्या जागी कोणती मिरची?

दुबई, कुवेत, दम्मामहून सुट्टीवर येणाऱ्यांच्या सामानात खजूर आणि दूध पावडरीबरोबर हल्ली एक लाल डबीही असते. तिच्यावर अरबीत 'बाब्रिका' लिहिलेले असते. अरबीत 'प' हे अक्षर नाही, म्हणून पाप्रिकाची झाली बाब्रिका. डबी घरात येते, पण तिचे करायचे काय हे कुणी सांगत नाही. मग कुणी ती लाल तिखट समजून सालनात दोन चमचे घालते आणि म्हणते, "रंग तर छान आला, पण तिखटपणाचा पत्ता नाही." उलट परदेशात संसार करणाऱ्या आपल्या मुली-सुना फोनवर विचारतात, "इथं काश्मिरी मिरची मिळत नाही, पाप्रिका घातली तर चालेल का?"

हा प्रश्न वाचक भगिनींकडून आमच्याकडेही वेगवेगळ्या शब्दांत येत असतो. त्याचे एका ओळीचे उत्तर असे, की चालेल, पण मिरची त्या पदार्थात कोणते काम करते आहे ते आधी पाहा. ते कळले की डबी कुठल्याही देशाची असो, स्वयंपाक बिघडत नाही.

एक मिरची, तीन कामे

मिरची हंडीत तीन कामे करते. रंग देते, तिखटपणा देते, आणि स्वतःचा एक वास व चव देते. ही तिन्ही कामे एकाच बोटभर लांबीच्या वस्तूत असल्यामुळे आपण ती एकच समजतो. 'लाल दिसते म्हणजे तिखट असणार' हा समज त्यातूनच आलेला आहे. प्रत्यक्षात रंग आणि तिखटपणा यांचा एकमेकांशी संबंध नाही.

तिखटपणा येतो कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यामुळे. ते सगळ्यात जास्त असते मिरचीच्या आतल्या पांढऱ्या शिरेत, जिला बिया चिकटलेल्या असतात. बी मुळात फारशी तिखट नसते. शिरेला लागून असल्याने ती तिखट होते. शाळेत मुलांना हे सांगितले की त्यांना आश्चर्य वाटते, कारण घरी सगळ्यांनी 'बिया काढ, तिखट कमी होईल' हेच ऐकलेले असते. खरे म्हणजे बियांबरोबर शीर निघते, म्हणून तिखट कमी होते.

लाल रंग येतो तो मिरचीच्या सालीतून. त्यातले मुख्य रंगद्रव्य कॅप्सॅन्थिन. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या कुळातलेच हे. ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. म्हणून सालनावर जी लाल तर्री येते तिच्यात रंग जमतो आणि खालचा रस्सा त्यामानाने फिका राहतो. 'रोगन जोश' या नावातला 'रोगन' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ तेल किंवा तूप. लाल रंग चरबीतच उतरतो हे त्या जुन्या बावर्चींनी प्रयोगशाळेशिवाय ओळखले होते.

तिखटपणा मोजण्याची पद्धत विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने 1912 साली काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत जायचा की चाखणाऱ्याला तिखट लागणे बंद होईल. जितके जास्त पातळ करावे लागेल तितका आकडा मोठा. या मापाने गोड पाप्रिका शून्यापासून काही शेकड्यांपर्यंत, काश्मिरी मिरची साधारण एक-दोन हजार, बेडगी त्याहून बरीच वर आणि आंध्रची गुंटूर सन्नम 35 ते 40 हजारांच्या घरात धरली जाते. शेत, पाऊस, तोडणीची वेळ यांप्रमाणे हे आकडे बदलतात, म्हणून ते अंदाजासाठीच घ्यावेत. पण एक चमचा आणि एक चमचा सारखा का नसतो, ते यावरून लक्षात येईल.

पाप्रिका आली कुठून?

पाप्रिका ही काही वेगळी वनस्पती नाही. आपली लाल मिरची, ढोबळी मिरची आणि पाप्रिका या एकाच जातीच्या बहिणी आहेत. या सगळ्यांचे माहेर अमेरिका खंड. कोलंबसच्या सफरींनंतर, म्हणजे 1492 नंतर, मिरची स्पेनमध्ये आली. भारतात ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणली, गोव्याच्या वाटेने. त्याआधी आपल्याकडे तिखटासाठी काळे मिरे, पिंपळी आणि आले होते.

हंगेरीत ती पोहोचली तुर्कांच्या वाटेने. 1541 ते 1686 या काळात बुडा शहर उस्मानी सल्तनतीकडे होते. त्यामुळे हंगेरियन लोक मिरचीला सुरुवातीला 'तुर्की मिरे' म्हणत. 'पाप्रिका' हा शब्दही मिऱ्याच्या स्लाव्ह भाषांतल्या नावावरूनच बनला. आधी गरिबांच्या घरात महागड्या मिऱ्याला पर्याय म्हणून ती वापरली गेली आणि पुढे त्या देशाची ओळख बनली.

सुरुवातीची हंगेरियन पाप्रिका चांगलीच तिखट होती. 1859 मध्ये सेगेद शहरातल्या पाल्फी बंधूंनी मिरचीच्या शिरा आणि बिया वेगळ्या करणारे यंत्र आणले. शीर गेली तसा तिखटपणा गेला, रंग आणि गोडवा राहिला. पुढे विसाव्या शतकात कालोचा भागात मुळातच तिखट नसलेले वाण तयार झाले. आजची गोड पाप्रिका ही अशी माणसाने निवडून, शीर काढून, गोड केलेली मिरची आहे. आपल्या स्वयंपाकघरात सुरी घेऊन हेच काम आपणही करू शकतो. ते कसे, हे पुढे येईलच.

याच सेगेदमध्ये आल्बर्ट सेंट-ग्योर्गी हे शास्त्रज्ञ 'क' जीवनसत्त्वावर काम करत होते. ते पुरेसे मिळत नव्हते. एका संध्याकाळी पत्नीने जेवणात ताजी पाप्रिका वाढली. ती खायची इच्छा नव्हती, म्हणून ती उचलून प्रयोगशाळेत नेली, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. त्यांचा शोध तिथेच पुढे सरकला, कारण पाप्रिकात 'क' जीवनसत्त्व भरपूर निघाले. 1937 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हा गुण ताज्या मिरचीचा. वाळवून, दळून, शिजवलेल्या तिखटातून 'क' जीवनसत्त्वाची अपेक्षा ठेवू नये.

डबी कोणती, ते ओळखा

पाप्रिका म्हणून मिळणाऱ्या भुकटीचे ढोबळ मानाने तीन प्रकार धरता येतात.

पहिली गोड पाप्रिका. हंगेरीची 'एदेशनेमेश' ही त्यातली सर्वांत जास्त निर्यात होणारी. रंगाने लालभडक, चवीला किंचित गोडसर, तिखट जवळजवळ नाही. स्पेनच्या मुर्सिया भागातलीही गोड असते. ती उन्हात वाळवलेल्या, गोल आकाराच्या मिरच्यांची करतात. डबीवर नुसते 'पाप्रिका' लिहिले असेल तर बहुधा ही गोडच समजावी.

दुसरी तिखट पाप्रिका. हंगेरीत तिला 'एरोश' म्हणतात, म्हणजे जोरकस. तिचा रंग थोडा तपकिरीकडे झुकतो, कारण तिच्यात शिरा आणि बियाही दळलेल्या असतात. आपल्या जिभेला मात्र ती मध्यमच लागते.

तिसरी धुरावलेली पाप्रिका. स्पेनच्या पश्चिमेला ला व्हेरा नावाचा भाग आहे. तिथे शरद ऋतूत मिरची तयार होते तेव्हा पावसाचे दिवस असतात, उन्हात वाळवणे जमत नाही. म्हणून शेतकरी ओकच्या लाकडाचा जाळ करून वरच्या माचीवर मिरच्या पसरतात आणि दहा-पंधरा दिवस रोज हाताने उलथवत वाळवतात. तो धूर मिरचीत मुरतो. ही भुकटी गोड, आंबटगोड आणि तिखट अशा तिन्ही चवींत मिळते, पण तिन्हींत धूर असतोच.

तुर्कस्तान आणि शाम देशात तीच मिरची भरड कुटून वापरतात. हलबची, म्हणजे अलेप्पोची मिरची बिया काढून, थोडे मीठ-तेल लावलेली असते. तिला मनुक्यासारखी फळाची चव असते. सीरियातल्या युद्धानंतर या नावाची बरीच मिरची तुर्कस्तानातून येते. उर्फा भागातली मिरची दिवसा उन्हात ठेवतात आणि रात्री झाकून तिला घाम येऊ देतात, म्हणून ती जवळजवळ काळी-जांभळी होते.

डबीवरचे शब्द वाचता आले की अर्धे काम झाले. अरबीत 'हुलू' म्हणजे गोड, 'हार' म्हणजे तिखट, 'मुदख्खन' म्हणजे धुरावलेली. उर्दूतला 'दुखान' ज्यांना माहीत आहे त्यांना हा शब्द लगेच कळेल. तुर्कीत 'तातली' गोड आणि 'आजी' तिखट. स्पॅनिशमध्ये 'दुल्से' गोड, 'पिकांते' तिखट, 'आहुमादो' धुरावलेली.

आपल्या घरच्या मिरच्या

आता हेच तीन गुण घेऊन आपल्या बाजाराकडे पाहू.

बेडगी मिरची म्हणजे कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावच्या नावाची. तिला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे दोन प्रकार आहेत. 'डब्बी' आखूड, फुगीर, सुरकुतलेली आणि कमी बियांची, तर 'कड्डी' लांब, बारीक. डब्बीत रंग जास्त. बेडगीच्या अर्काचा रंग खाद्यपदार्थांतच नव्हे, तर ओठांच्या लालीतही वापरला जातो. पाप्रिकाच्या सर्वांत जवळची आपल्या भागातली मिरची विचाराल तर आम्ही डब्बीचे नाव घेऊ. फक्त ती पाप्रिकापेक्षा तिखट असते, हे विसरू नये.

काश्मिरी मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. पण बाजारात काश्मिरी नावाने मिळणारी बरीच मिरची काश्मीरमध्ये पिकलेली नसते. पाकिटावर 'काश्मिरी' हा शब्द आता प्रकार सांगतो, गाव सांगत नाही. म्हणून नवे पाकीट आणले की आधी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहावे आणि मगच प्रमाण ठरवावे.

संकेश्वरी, लवंगी, गुंटूर, नागपूरकडची भिवापुरी या तिखटाच्या मिरच्या. त्यांचे काम झणका देणे. त्या पाप्रिकाच्या जागी कधीच वापरू नयेत. तसेच उलटही. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यात संकेश्वरीच्या जागी पाप्रिका घातली तर रस्सा तांबडा होईल, पण तो कोल्हापूरचा राहणार नाही.

अदलाबदलीचे प्रमाण

खालील प्रमाणांत लहान चमचा म्हणजे चहाचा आणि मोठा चमचा म्हणजे त्याच्या तिप्पट.

गोड पाप्रिका नसेल तर: हंगेरियन पाककृतींत ती मोठ्या चमच्यांनी घातलेली असते, आपण तिखट घालतो तशी चिमटीने नव्हे. ती रंगाबरोबर रश्श्याला दाटपणा आणि गोडवाही देते. म्हणून तेवढीच काश्मिरी घातली तर पदार्थ जळजळीत होतो, आणि कमी घातली तर रस्सा पातळ, पोकळ लागतो. उपाय असा: 3 लहान चमचे गोड पाप्रिकाऐवजी 1 लहान चमचा काश्मिरी तिखट आणि भाजून सोललेल्या लाल ढोबळी मिरचीचा 3 मोठे चमचे गर. ढोबळी मिरची पाप्रिकाची सख्खी बहीण, तिने गोडवा भरून निघतो.

अख्खी मिरची असेल तर आणखी चांगले: डब्बी किंवा काश्मिरी मिरचीचे देठ काढा, उभी चिरा, बिया झटका आणि आतली पांढरी शीर सुरीच्या टोकाने खरवडा. मग गरम पाण्यात 20 मिनिटे भिजवून वाटा. पाल्फी बंधूंचे यंत्र जे करत होते तेच हे. हातांना तेल लावून घ्यावे, नंतर साबणाने धुवावेत, आणि तो हात डोळ्यांना लागू देऊ नये. कॅप्सेसिन नुसत्या पाण्याने निघत नाही.

तिखट पाप्रिका नसेल तर: बेडगीचे तिखट बरोबरीने घ्या. चाखून कमी-जास्त करा.

धुरावलेली पाप्रिका नसेल तर: काश्मिरी अर्धी घ्या आणि लाल ढोबळी मिरची थेट निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळावर काळी होईपर्यंत भाजून तिचा गर घाला. शेवटी पदार्थाला धुंगार द्या. दम का कीमा करणाऱ्या घरांत धुंगार नवा नाही. वाटीत पेटता कोळसा, त्यावर थेंबभर तूप, आणि पाच मिनिटे झाकण. खिडकी उघडी ठेवावी, आणि जास्त वेळ ठेवू नये, नाहीतर कडवटपणा येतो.

स्पेनच्या ज्या पदार्थांमुळे ही पाप्रिका प्रसिद्ध झाली त्यात 'चोरिसो' हे डुकराच्या मांसाचे लांबट सॉसेज प्रमुख आहे. त्यामुळे पाककृतीत तो शब्द दिसला की पान उलटले जाते. पण त्यातली ओळखीची चव येते ती धुरावलेली पाप्रिका आणि लसूण यांची. मटणाच्या खिम्यात किंवा उकडलेल्या काबुली चण्यांत हे दोन घातले तरी ती चव येते. भुकटी निव्वळ मिरचीची असते. तयार मिश्र मसाला घेताना मात्र घटकांची यादी वाचावी.

परदेशात काश्मिरी नसेल तर: 3 भाग गोड पाप्रिका आणि 1 भाग केयेन तिखट मिसळा. तंदुरी, कोर्मा, पुलाव यांना हे चालते. बेडगी हवी असेल तर 2 भाग पाप्रिका आणि 1 भाग केयेन. यासाठी धुरावलेली पाप्रिका घेऊ नका. केवडा आणि वेलचीच्या सालनात धूर शिरला की बाकी सगळे वास मागे पडतात.

आणखी एक गोष्ट सगळ्या प्रकारांना लागू आहे. पाप्रिकात साखरेचा अंश बराच असतो, ती तापलेल्या तेलात क्षणात करपते आणि कडू होते. हंगेरीतले स्वयंपाकी कांदा परतून झाला की भांडे आचेवरून खाली घेतात, पाप्रिका घालून ढवळतात आणि लगेच पाणी किंवा मांस घालतात. आपल्या घरांतून तिखट-हळद थोड्या पाण्यात किंवा दह्यात कालवून मग तेलात सोडतात, त्यामागचे कारण हेच. पाण्याने आच सौम्य होते आणि रंग जळण्याआधी तेलात उतरतो.

रंग हंडीत, तिखट दस्तरखानावर

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? तर त्याचे कारण घरातच बसलेले असते.

प्रत्येक घरात एखादे माणूस असे असते ज्याला डॉक्टरांनी तिखट वर्ज्य सांगितले आहे. दादा असतील, नानी असतील, नुकतेच ऑपरेशन झालेले कुणी असेल. शिवाय लहान मुले. आपण काय करतो? सगळ्यांसाठी लालबुंद सालन, आणि त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात पिवळसर, फिके काहीतरी. ईदच्या दिवशीही. त्या वाटीत पथ्य सांभाळले जाते, पण दस्तरखानावर बसूनही ते माणूस जेवणाच्या बाहेरच राहते. पुष्कळदा ते बोलत नाही, मुकाट्याने खाते, किंवा कुणाचे लक्ष नसताना सालनाचा रस्सा ओढून घेते आणि रात्रभर जळजळ सोसते.

रंग आणि तिखट वेगळे आहेत हे कळले की ही दुसरी वाटी बहुतेक वेळा लागतच नाही. सगळ्यांची हंडी गोड पाप्रिकाची, किंवा शीर काढलेल्या डब्बीची करावी. ती तितकीच लाल होते, तर्रीही येते. ज्यांना झणका हवा त्यांच्यासाठी लवंगीची फोडणी छोट्या वाटीत, ठेचा किंवा लसणाची चटणी बाजूला ठेवावी. वेगळी वाटी तिखट खाणाऱ्याने घ्यावी, आजारी माणसाने नव्हे. ज्यांना डॉक्टरांनी मिरची पूर्ण बंद केली आहे त्यांनी मात्र पाप्रिकाही त्यांना विचारूनच घ्यावी, कारण ती शेवटी मिरचीच आहे.

रंगाचा मोह

रंगालाच गुण समजण्याची किंमत काही वेळा फार मोठी पडते. 1994 साली खुद्द हंगेरीत पाप्रिकात शेंदूर मिसळल्याचे उघडकीस आले. शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड, विषच. लोक आजारी पडले आणि सरकारला पाप्रिकाची विक्री थांबवावी लागली. ज्या देशाची शान पाप्रिका, त्याच देशात हे घडले.

2003 साली भारतातून गेलेल्या लाल तिखटात 'सुदान-1' हा रंग युरोपात सापडला. हा रंग मेण, तेल आणि बुटाचे पॉलिश यांच्यासाठी वापरायचा, अन्नात त्याला बंदी आहे. फेब्रुवारी 2005 मध्ये ब्रिटनमध्ये असे तिखट घातलेल्या एका सॉसमुळे शेकडो तयार खाद्यपदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले. मालात फसवू नये हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. पण गिऱ्हाईक जेव्हा फक्त भडक रंग बघून पैसे देते, तेव्हा फसवणाऱ्याचे काम सोपे होते, हेही खरे.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन वर चिमूटभर तिखट भुरभुरावे. पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग असेल तर लाल रेघा खाली उतरताना दिसतात. विटकरीची पूड किंवा वाळू तळाशी बसते आणि बोटांना खरखरीत लागते. पण सुदानसारखे रंग तेलात विरघळणारे आहेत, ते या पेल्यात पकडले जात नाहीत. म्हणून पाणी स्वच्छ राहिले म्हणजे तिखट शुद्धच, असे समजू नये.

त्यापेक्षा भरवशाचा मार्ग आपल्या आई-आजीचाच आहे. एप्रिल-मे महिन्यात देठासकट अख्खी मिरची घ्यावी, उन्हात कडक करावी, स्वतः देठ मोडावेत आणि मिरची कांडप यंत्रावर समोर उभे राहून दळून आणावी. आम्ही दोन भाग बेडगी आणि एक भाग संकेश्वरी असे वेगवेगळे दळून वेगळ्याच बरण्यांत ठेवतो. एकत्र दळले की रंग आणि तिखट पुन्हा एकमेकांना बांधले जातात. जमत नसेल तर परवाना क्रमांक छापलेले बंद पाकीट घ्यावे, उघड्यावरचे सुटे तिखट घेऊ नये.

साठवताना उजेड टाळावा. काचेची बरणी दिसायला सुंदर, पण खिडकीत ठेवली की काही महिन्यांत तिखट विटकरी दिसू लागते. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा चांगला, वर्षाच्या तिखटात हिंगाचे खडे टाकावेत. पाप्रिका तर लहान डबीच आणावी आणि सहा महिन्यांत संपवावी. वास गेलेली पाप्रिका म्हणजे नुसती लाल धूळ.

या महिन्याचा पदार्थ: हंगेरियन पाप्रिका चिकन

साहित्य: चिकनचे तुकडे 1 किलो, मध्यम कांदे 3, तेल 3 मोठे चमचे, गोड पाप्रिका 2 मोठे चमचे (किंवा काश्मिरी तिखट 2 लहान चमचे आणि भाजलेल्या लाल ढोबळी मिरचीचा गर 6 मोठे चमचे), टोमॅटो 1, पाणी दीड वाटी, घट्ट चक्का 1 वाटी, मैदा 1 मोठा चमचा, चवीपुरते मीठ.

कृती: कांदा अगदी बारीक चिरून तेलात मंद आचेवर परता. तो मऊ आणि पारदर्शक व्हावा, तांबूस होऊ देऊ नका. आपल्या सालनासारखा तळलेला कांदा इथे चालत नाही. भांडे आचेवरून खाली घ्या, पाप्रिका किंवा तिखट घालून पाच-सहा वेळा ढवळा. लगेच चिकन, चिरलेला टोमॅटो, मीठ आणि ढोबळी मिरचीचा गर घाला. पुन्हा आचेवर ठेवून दोन मिनिटे परता, पाणी घाला आणि झाकून मंद आचेवर 35 ते 40 मिनिटे शिजवा.

चक्का आणि मैदा एकत्र फेटून घ्या. त्यात आधी दोन डाव गरम रस्सा घालून ढवळा, मग ते हंडीत ओता, म्हणजे चक्का फाटत नाही. पाच मिनिटे अगदी मंद आचेवर ठेवून उतरवा. हंगेरीत याच्याबरोबर मैद्याचे उकडलेले छोटे गोळे खातात. आपल्याकडे गरम भात किंवा पाव छान लागतो.

यात आले, लसूण, गरम मसाला काही नाही. पहिल्यांदा करताना हात डब्याकडे जाईल, त्याला आवरा. नुसत्या मिरचीला स्वतःची चव किती असते, ते या पदार्थात कळते. आणि हो, दादांना याच हंडीतून वाढा.